किती वर्षांसाठी

शनिवारी मी दुकानात पोचले तेव्हा बाबांचं शब्दकोडं निम्मं सोडवून झालं होतं. म्हणजे कॉम्प्युटर अजून सुरू व्हायचा होता.

आमचं रंगाचं दुकान आहे. भिंतींचे, दारांचे, खिडक्यांच्या गजांचे रंग. दुकान अरुंद आणि खोल, दोन्ही बाजूंना छतापर्यंत डबे, आणि मागच्या भिंतीला रंग मिसळायचं मशीन. पांढऱ्या रंगाचा डबा मशीनखाली ठेवायचा, मशीन बारा नळ्यांमधून मोजून मापून गडद रंग सोडतं, मग तो डबा हलवून घ्यायचा, की गिऱ्हाइकानं शेडकार्डावर बोट ठेवून दाखवलेला रंग तयार. कुठल्या नळीतून किती सोडायचं हे मशीनला कॉम्प्युटर सांगतो. हा कॉम्प्युटर मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना घेतलेला होता. सतरा वर्षं झाली.

तो सुरू व्हायला किती वेळ घेतो हे बाबा घड्याळात बघत नसत. पूर्वी बटण दाबून ते झाडू हातात घेत, आणि केर काढून होईपर्यंत पडदा उजळलेला असे. पुढे केर काढून काउंटर पुसूनही होऊ लागलं. मग पेपरचं पहिलं पान, मग अख्खा पेपर. गेलं वर्षभर ते शब्दकोड्यापर्यंत येऊन ठेपले होते.

"पूर्ण कोडं सुटायला लागलं ना, की बदलू," ते म्हणाले.

"तुम्हाला पूर्ण कोडं आजवर कधी सुटलंय?"

"म्हणून तर म्हणतोय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ऐका हो प्रूफवाल्या बाई, सहा अक्षरी, 'मागे वळून बघणं'. शेवटचं अक्षर 'न'."

"आधी कॉम्प्युटर बदला, मग सांगते."

मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासते. शनिवार-रविवार सुट्टी असते. शनिवारी सकाळी मी दुकानात यायचे, दुपारपर्यंत थांबायचे. का येतेस, असं बाबांनी कधी विचारलं नाही, आणि का येते, हे मी कधी सांगितलं नाही. मी यायचे म्हणून ते माझ्यासाठी मागचं स्टूल पुसून ठेवत.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. घरात कपाट सरकवताना भिंतीला लांब ओरखडा गेला होता, तेवढाच भाग रंगवायचा होता. रंग चार वर्षांपूर्वी आमच्याकडूनच नेलेला. "नाव सांगू का?" त्यांनी विचारलं.

"नको, नको," बाबा म्हणाले आणि पडदा किंचित स्वतःकडे वळवला. त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि तीन-चार क्षणांत मशीन घरघरलं.

बाई गेल्यावर मी पडद्यात डोकावले. नोंदीचं नाव होतं: 'मोडकी पायरी, दुसरा मजला'.

बाबा कुठलीच नोंद गिऱ्हाइकाच्या नावानं करत नसत. ते म्हणत, नावाची माणसं शंभर असतात, फोन नंबर बदलतात, पण मोडकी पायरी मोडकीच राहते. म्हणून कॉम्प्युटरमध्ये हजारो घरं अशी बसलेली होती: 'दोन कुत्री'. 'सासू ठरवते'. 'आधी निळा म्हणाले'. 'पैसे मोजताना ओठ हलतात'. पडदा गिऱ्हाइकाकडे कधीच वळलेला नसे, त्याचं कारण हे.

"हे सगळं एक दिवस उडालं म्हणजे?" मी म्हटलं. "हा डबा बंद पडला तर यातलं एक अक्षर मिळणार नाही. किती वेळा सांगू?"

"तू सांगतेस दर शनिवारी."

"आणि तुम्ही ऐकत नाही दर शनिवारी."

"ऐकतो की. करत नाही. दोन्हींत फरक आहे." ते हलवायच्या यंत्राचं झाकण फडक्यानं पुसत होते. ते आधीच स्वच्छ होतं. "बघू. पुढच्या महिन्यात बघू."

"बाबा, तुम्हाला दुकान चालवायचंय की वस्तुसंग्रहालय?"

ते हसले. मीही हसले. मग मी पिशवी उचलली आणि निघाले. हा आमचा शेवटचा साधा दिवस. मी तो पुष्कळदा उलगडून पाहिला आहे. त्यात काहीही वेगळं नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी बावीस वर्षांची असताना, कॉम्प्युटर नवा होता तेव्हा, एका संध्याकाळी जेवताना बाबांनी दादाला विचारलं होतं, "दुकान बघशील का?" दादानं नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, "नाही बाबा, माझ्यानं ते व्हायचं नाही." बाबांनी मान हलवली, त्याला आणखी वाढायला सांगितलं आणि विषय तिथे संपला. मी त्याच टेबलाशी बसले होते. पाण्याचा जग माझ्या हातात होता. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही असं मला वाटलं. मी सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं. मला दुकान हवं होतं. पण विचारल्याशिवाय मागायचं नाही असा मला तेव्हा मोठा अभिमान होता, आणि तो पुढे सवयीचा झाला. दोन महिन्यांनी मी मुद्रितं तपासायची नोकरी धरली. ती मला आवडते. अभिमानाचं आणि त्या आवडीचं काही भांडण नाही, म्हणून तर इतकी वर्षं निभलं.

रविवारी दुपारी बाबा आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले. आईनं आतून विचारलं, चहा आत्ता टाकू का थोड्या वेळानं? उत्तर आलं नाही म्हणून ती बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. सगळे डॉक्टर असं म्हणतात, आणि आपण ते दोन्ही हातांनी घेतो.

दादा आला, दोन आठवडे राहिला. सगळी कागदपत्रं त्यानं एकट्यानं उरकली. आईची औषधं, बाबांचे बूट, कशाकशाचं काय करायचं ते तो हळू आवाजात विचारत असे. निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "दुकानाचं असं करू या का? माल संपेपर्यंत चालू ठेवू. दोन-अडीच महिने. मग शेजारचे नळाच्या सामानाचे दुकानदार जागा घ्यायला तयार आहेत. तुला तेवढे दिवस जमेल का?"

"जमेल," मी म्हणाले.

"तुझी नोकरी?"

"रजा आहे साठलेली. आणि मुद्रितं काय, काउंटरवर बसूनही वाचता येतात."

"तुझ्यावर पडतंय सगळं," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याच्या शब्दांत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मीच बोलायला हवं होतं. मी त्याला प्रवासासाठी डबा भरून दिला.

मग मी रोज दुकान उघडू लागले. बटण दाबायचं, केर काढायचा, काउंटर पुसायचा, पेपर वाचायचा. शब्दकोडं मी उघडत नसे. रिकामी मिनिटं मी शेडकार्डं लावण्यात घालवत असे. तिसऱ्या आठवड्यात शेडकार्डंही लावून संपली आणि पडदा काळाच राहिला.

त्या दिवशी काउंटरसमोर रंगारीकाका उभे होते. बाबांची आणि त्यांची पंचवीस वर्षांची गाठ. दिवसातनं एकदा तरी भांडल्याशिवाय दोघांना चैन पडत नसे. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या दोन खोल्या त्यांनी रंगवायला घेतल्या होत्या. एक खोली झाली, दुसरीच्या मधल्या भिंतीला रंग कमी पडला.

"अर्धी भिंत उघडी आहे," ते म्हणाले. "आणि डॉक्टर माझ्या मागे उभे. हातात ते सुईसारखं काहीतरी घेऊन. मला भीतीच वाटते."

"सुरू होत नाहीये, काका."

"जरा वेळ दे त्याला. तुझ्या वडिलांसारखाच आहे. घाई केली की रुसतो."

मी बाबा करत तसं केलं. कॉम्प्युटरच्या डब्याच्या उजव्या बाजूला तळवा टेकवून ठेवला. आत काहीतरी खरवडल्यासारखा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. ह्या दोन गोष्टी, ते थांबलेलं काळीज आणि हा थांबत चाललेला डबा, एकमेकींना जोडायचा मोह मला झाला नाही असं नाही. पुस्तकात कोणी असं जोडलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं. मी हात तसाच ठेवला. वीस मिनिटांनी पडदा उजळला.

आता नोंद शोधायची होती. मी 'दात' टाइप केलं. काही नाही. 'दवाखाना'. काही नाही.

"काका, ते डॉक्टर कसे आहेत?"

"कसे म्हणजे? दात काढतात."

"तसं नाही. बाबांना ते कसे वाटले असते?"

काका विचारात पडले. "ते बोलतात ना, ते सगळ्या इमारतीला ऐकू जातं. समोर माणूस तोंड उघडून बसलेला, त्याला बोलता येत नाही, म्हणून हेच दोघांचं बोलतात."

मी 'मोठ्यांदा' टाइप केलं. नोंद आली: 'मोठ्यांदा बोलतात, पण मनाने चांगले'. खाली फिकट हिरव्याचं माप होतं. मी पडदा काकांपासून वळवला, तरी त्यांनी वाकून वाचलंच, आणि मग पुष्कळ वेळ ते नाक पुसत राहिले. हसून की कशानं, ते मी बघितलं नाही.

डबा मशीनखाली ठेवला. काकांनी पडद्यावरचे आकडे पाहिले. "काळा फारच कमी लिहिलाय गं. कंपनीच्या मापात याच्या दुप्पट असतो."

"लिहिलाय कमी, पडतो बरोबर. काळी नळी सांगितल्यापेक्षा जास्त सोडते. आठ-नऊ वर्षं झाली. बाबा मशीनला दुरुस्त करायच्या ऐवजी आकडा कमी लिहायचे. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी तशाच आहेत."

"हे तुला त्यांनी सांगितलं?"

"नाही. बघून कळलं."

काकांनी माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. मग डबा हलवून झाल्यावर त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रंगाचं बोट ओढलं, फुंकर मारून वाळवलं, दारात नेऊन उजेडात धरलं आणि खिशातून जुन्या भिंतीचा पोपडा काढून त्याच्याशेजारी ठेवला. "जमलंय," ते म्हणाले. पंचवीस वर्षांत बाबांना त्यांनी याहून मोठी शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही.

दुपारी मी दादाला फोन केला.

"कॉम्प्युटर जातोय रे. आज वीस मिनिटं लागली. उद्या सुरू होईल की नाही, सांगता येत नाही."

"अरेरे. पण दीड महिन्यासाठी नवा घ्यायचा म्हणजे... तूच बघ. तयार रंगाचे डबेच विकले तर नाही का चालणार? मिसळून द्यायचं बंद करायचं?"

"मग रंगाचं दुकान कशाला राहील ते?"

"तसंही बंदच करायचंय ना."

त्या ओळीवर मी बोलू शकले असते. तो ऐकत होता, मागे त्याच्या ऑफिसमधला आवाजही नव्हता.

"बरं," मी म्हणाले. "दुरुस्तीवाल्याला बोलावून बघते, निदान नोंदी तरी वाचतील."

"नोंदींचं काय करणार?"

"वाचेन," मी म्हणाले. तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आले. बाबा त्यांना 'वैद्यबुवा' म्हणत, कारण ते प्रत्येक यंत्राला आधी कान लावून ऐकत. पन्नाशीचे, कमी बोलणारे, दुकानात शिरताना चपला बाहेर काढणारे. आई माझा डबा घेऊन आली होती आणि बाबांच्या खुर्चीत न बसता माझ्या स्टुलावर बसली होती. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच दुकानात आली होती. डब्यांच्या रांगांकडे ती असं बघत होती, जसं कोणी दुसऱ्याच्या घरात भिंतीवरचे फोटो बघतं.

वैद्यबुवांनी कान लावला, ऐकलं आणि झाकण उघडलं. आतली धूळ रंगीत होती. सतरा वर्षांचा निळा, पिवळा, विटकरी, थरावर थर.

"हा कप्पा गेला म्हणून समजा," ते म्हणाले. "ज्यात सगळं साठवलेलं असतं, तो. आज सुरू झाला तर आजच सगळं उतरवून घ्यायचं. उद्याची खात्री मी देत नाही."

"घ्या उतरवून."

त्यांनी त्यांचा छोटा डबा जोडला, बटण दाबलं, आणि आम्ही तिघं वाट बघू लागलो. आईनं मला जेवायला लावलं. चौथ्या घासाला पडदा उजळला. नोंदी एकेक करून उतरू लागल्या. पडद्यावर एक पट्टी होती, ती सावकाश भरत होती.

"तासभर तरी लागेल," वैद्यबुवा म्हणाले आणि मशीनकडे वळले. काळ्या नळीखाली त्यांनी बोट धरलं. "ही गळते. सांगितल्यापेक्षा जास्त टाकत असणार. आलोच आहे तर साफ करून, नवी रिंग घालून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांनी खिशातून पाना काढलासुद्धा.

"हात लावू नका," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. आईनं वर बघितलं. "म्हणजे आत्ता नको. सगळ्या नोंदी त्या गळतीच्या हिशेबानं लिहिलेल्या आहेत. नळी नीट झाली तर प्रत्येक घराचा रंग फिका येईल. नळी नीट करायची तर आधी आठ-नऊ वर्षांच्या नोंदींतला काळ्याचा आकडा वाढवायला हवा. एकेक करून."

"बाप रे. हजारो असतील."

"असतील. मला प्रुफं तपासायची सवय आहे."

पाना त्यांच्या खिशात परत गेला. ते स्टूल शोधत होते, ते मिळालं नाही म्हणून रंगाच्या मोठ्या डब्यावर बसले.

"मग आता मला एक सांगा," ते म्हणाले. "दोन मार्ग आहेत. एक, माझ्याकडे वापरलेला कप्पा आहे, तो ह्याच्यातच बसवतो. सहा महिने, फार तर वर्ष निघेल. दुसरा, नवा कॉम्प्युटर. पण तुमचं मशीन जुनं, त्याची वायर नव्याला लागत नाही. मधे जोडणारं एक यंत्र मागवावं लागेल, नव्यावर सगळं नव्यानं बसवावं लागेल. ते एकदा केलं की दहा वर्षं बघायला नको. त्यामुळे प्रश्न एवढाच आहे. किती वर्षांसाठी करायचं?"

मी जेवणाच्या डब्याचं झाकण लावत बसले.

"हेच मी त्यांनाही विचारलं होतं," वैद्यबुवा म्हणाले.

"कुणाला?"

"तुमच्या वडिलांना. गेल्या वर्षी ते माझ्याकडे आले होते ना. नवा घ्यायचा म्हणून."

"नवा घ्यायला? ते?"

"हो. पसंतही केला होता. मी विचारलं, किती वर्षं धरू? दोन-तीन वर्षांत दुकान आवरणार असाल तर नवा घेऊ नका, उगाच वाया जाईल. तर म्हणाले, मुलीला विचारून सांगतो. मी मग दोन-तीनदा फोन केला. दर वेळी म्हणायचे, अजून विचारलं नाही. शेवटी मीच फोन करायचं सोडलं. म्हटलं, घरातली गोष्ट दिसतेय."

पट्टी निम्मी भरली होती. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

"आई," मी म्हणाले, "तुला माहीत होतं?"

आईनं पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. "नवा घ्यायचाय हे माहीत होतं. मी म्हटलं, विचारा की तिला. तर म्हणाले, तिला तिचं काम आहे, ती त्यात रमलीये. विचारलं तर नाही म्हणायचं जिवावर येईल तिच्या. उगाच तिच्या गळ्यात कशाला घालू."

"दर शनिवारी मी येत होते."

"तेही म्हणायचे. म्हणायचे, बदला बदला म्हणते, म्हणजे दुकान चालावं असं तिला वाटतं. पण कुणी चालवावं, ते काही बोलत नाही. मी म्हटलं, तुम्ही दोघं एका मापाचे आहात. तो डबा मध्ये ठेवून बोलता. असं कुठे बोलतात का?"

वैद्यबुवा उठले आणि शेडकार्डं बघायला दारापाशी गेले. त्यांना रंग घ्यायचा नव्हता.

मी दर शनिवारच्या त्या बोलण्याचा विचार करत होते. मी म्हणायचे, बदला. त्यात माझा सगळा अर्ज होता, आणि तो त्यांनी वाचला होता, सही तेवढी नव्हती म्हणून बाजूला ठेवला होता. ते म्हणायचे, बघू, पुढच्या महिन्यात. मला वाटायचं, हे टाळताहेत. ते एक प्रश्न जिभेवर घेऊन बसले होते आणि यंत्राचं स्वच्छ झाकण पुसत होते. बारा महिने, म्हणजे पन्नास-बावन्न शनिवार. एवढ्या शनिवारांत दोन वाचता येणाऱ्या माणसांनी एक वाक्य बोलायला हवं होतं.

रस्त्यावरून हातगाडी खडखडत गेली. शेजारच्या दुकानात कोणीतरी लोखंडी नळ कापत होतं. ते आमची जागा घ्यायला बघत होते, त्यांना मला उद्या सांगावं लागणार होतं. दादाला आज. ऑफिसातल्या साहेबांना सोमवारी. हे सगळं डोक्यात अगदी शिस्तीत उभं राहिलं, जसं काही कोणीतरी आधीच लावून ठेवलं होतं. मला भीती वाटत होती. पण ती दुकानाची नव्हती. एवढ्या उशिरा बोलायचं म्हणजे, ते ज्यांना सांगायचं ते ऐकायला नाहीत हेही त्याच वाक्यात मान्य करायचं, त्याची होती.

पट्टी पूर्ण भरली. छोट्या डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

"सगळ्या आल्या," वैद्यबुवा दारातून परत येत म्हणाले. "एकही राहिली नाही. मग, काय करू? किती वर्षांसाठी?"

"दहा," मी म्हणाले. "नवाच आणा. नळीचं मी सांगेन तेव्हा करू, नोंदी दुरुस्त झाल्या की."

ते वहीत लिहू लागले. आई माझ्याकडे बघत होती. तिनं काही विचारलं नाही. या घरात कोणीच विचारत नाही, हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग ती स्टुलावरून उठली आणि तिनं ते माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही. मी बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. पाठ त्यांच्या खांद्यांनी मधोमध गुळगुळीत झालेली होती.

"आई, हे दुकान मला हवंय," मी म्हणाले. "नोकरीला कंटाळले म्हणून नाही, बाबांचं आहे म्हणूनही नाही. दादाला विचारलं होतं ना जेवताना, तेव्हाही मला हवं होतं. मी पाणी वाढत होते. तेव्हाच म्हणायला हवं होतं मी, की मला विचारा. बाबा, मला विचारा. मी हो म्हणणार आहे."